मी पाळलेल्या मुंग्या

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी लोणच्यांवर बोलते, कोणी विणकामावर. गेल्या वर्षी भिशीच्या हिशेबावर फार उपयोगाचे भाषण झाले. यंदा चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या त्या मुंग्यांवर बोला." मी म्हटले, अहो, मुंग्या घालवायच्या कशा हे ऐकायला बायका येतील, पाळायच्या कशा हे कोण ऐकेल? त्या म्हणाल्या, "ऐकतील. आधी हसतील, मग ऐकतील." तुमच्यापैकी निम्म्याजणी हसून झालेल्या दिसतात, तेव्हा अर्धे काम झाले असे धरून मी पुढे जाते.

मी सातवी शिकलेली बाई. शास्त्रातले जे काही सांगेन ते माझ्या थोरल्या मुलीने वाचून मला मराठीत सांगितलेले आहे. ती प्राणिशास्त्र घेऊन शिकते. डोळ्यांनी पाहिलेले सांगेन ते माझे. २०१७ सालच्या जूनपासून माझ्या कोनाड्यात मुंगळ्यांची एक वसाहत आहे, आणि मधल्या काळात आणखी दोन-तीन जातींचा संसार मी करून पाहिला आहे.

आपल्याकडे मुंग्यांना घालण्याची चाल जुनीच आहे. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू, रोज सकाळी तुळशीला पाणी घातले की परसातल्या औदुंबराच्या बुंध्याशी चिमूटभर पिठात साखर कालवून टाकीत. काळ्या मुंग्या घरात आल्या की लक्ष्मी आली म्हणायचे आणि त्यांना वाट द्यायची. लाल मुंग्या आल्या की हळदीची रेघ ओढायची. हे तुमच्याही घरी असेल. घालणे वेगळे आणि पाळणे वेगळे, हे मात्र मला पुढे कळले. घालणारीला मुंग्या कुठे राहतात, रात्री काय करतात, त्यांचे पोर आजारी आहे का, हे बघावे लागत नाही. पाळणारीला सगळे बघावे लागते.

तर पहिल्यापासून सांगते. मरणकाळी मुंगीला पंख फुटतात असे आपण म्हणतो. नराच्या बाबतीत ते खरे आहे, तो लग्न झाले की एक-दोन दिवसांत संपतो. मादीच्या बाबतीत मात्र उलटे आहे. वळवाचा किंवा मृगाचा पाऊस पडून गेल्यावर संध्याकाळी दिव्याभोवती ज्या पंखांच्या मुंग्या येतात त्यांतली मोठी, जाड पोटाची जी असते ती उद्याची राणी. लग्न झाले की ती आपले पंख आपणच मोडून टाकते आणि बीळ शोधते. त्या एका दिवसावर तिचा जन्मभराचा संसार चालतो. नराचे बीज ती पोटात जपून ठेवते आणि वर्षानुवर्षे वापरते. बिळात शिरल्यावर ती बाहेर येत नाही. पंखांचे जे स्नायू आता कामाचे राहिले नाहीत ते अंगातच जिरवून त्यावर स्वतः जगते आणि पहिल्या लेकी वाढवते. मुंगळ्याच्या राणीला पहिली लेक कामाला येईपर्यंत माझ्याकडे दोन महिन्यांच्या आतबाहेर लागले. त्या पहिल्या लेकी बारीकच होतात. दुष्काळातल्या बाळंतपणाची पोरे म्हणा ना!

येथे एक सावधगिरी. पावसानंतर वाळवीलाही पंख फुटतात आणि तीही दिव्यावर येते. वाळवी ही मुंगी नव्हे. तिचे गोत्र झुरळाशी जुळते. ओळखायचे असे : वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड आणि मिशा सरळ. मुंगीचे पुढचे पंख मोठे, कंबर चिमटीत धरल्यासारखी आणि मिशा कोपरात वाकलेल्या. हे नीट बघितल्याशिवाय काहीही उचलून घरात ठेवू नका. सागवानी कपाटे आहेत आपली.

राणी मिळाली की तिला ठेवायचे कशात? वीतभर लांबीची काचेची नळी, प्रयोगशाळेत असते तशी. तिच्यात तिसरा भाग पाणी, मग पाण्याला टेकेल असा कापसाचा बोळा, मग राणी, मग तोंडाशी दुसरा बोळा. झाले. ओला बोळा ही तिची विहीर आणि ओलावाही. नळी काळ्या कापडात गुंडाळून फडताळात ठेवायची आणि बघायचे नाही. हा न बघण्याचा भाग सर्वांत कठीण आहे. दर तासाला उघडून बघितले तर राणी घाबरते आणि आपलीच अंडी खाऊन टाकते. पंधरा दिवसांतून एकदा, तेही लाल जिलेटिनच्या कागदाआडून, एवढेच. मुंग्यांना लाल रंग फारसा दिसत नाही, त्यांना तो अंधारच वाटतो.

आता मुख्य प्रश्न, कोणती मुंगी पाळावी? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या यादीत आपल्या देशातल्या मुंग्यांच्या जाती-उपजाती ८२८ भरल्या. परंतु कोल्हापुरात परसात, रंकाळ्याच्या काठाला, पन्हाळ्याच्या वाटेवर सहज सापडतील आणि घरात नांदतील अशा थोड्याच.

माझी पसंती मुंगळ्याला. मोठा काळा मुंगळा, शास्त्रात त्याला कॅम्पोनोटस म्हणतात. अंगाने मोठा, म्हणून चाळिशीच्या डोळ्यांनाही चष्म्याशिवाय दिसतो. नांगी नाही, चावतो, पण कारणाशिवाय नाही. एका वारुळात सहसा एकच राणी, त्यामुळे कुटुंब हिशेबात राहते. त्याचे कोष पिवळसर, जोंधळ्याच्या दाण्यांसारखे. ज्याला आपण मुंग्यांची अंडी म्हणतो ती पुष्कळदा अंडी नसून हे कोष असतात. उणेपणा इतकाच की सगळे सावकाश. पहिल्या वर्षअखेर माझ्याकडे पंचवीस-तीस मुंगळे होते. ज्या बाईला आज लावून उद्या फळ हवे तिने या वाटेला जाऊ नये.

घाई असेल तर ती बारीक, लांब पायांची काळी धांदरट मुंगी, जी फरशीवर वेड्यासारखी इकडून तिकडे पळते आणि जिला आपण लक्ष्मी म्हणतो, ती महिन्याभरात डबा भरून टाकते. तिच्यात एका घरात अनेक राण्या नांदतात, म्हणून एक गेली तरी घर बसत नाही. सोयीचे वाटते ना? पण तिला सुईच्या भोकाएवढी फट पुरते, आणि एक राणी चार कामकरणींसह निसटली की दुसरे घर तुमच्या साखरेच्या डब्यामागे. मी ती चार महिने ठेवली आणि परत औदुंबराखाली सोडली.

लाल डसणारी मुंगी कोणीही पाळू नये. ती मूळची आपली नव्हेच. अमेरिकेच्या उष्ण भागातून जहाजांबरोबर जगभर पसरली. कोकणात आणि घाटाच्या झाडीत पाने शिवून घर करणारी तांबडी ओंबील आहे, ती दिसायला फार देखणी. आपल्याच अळ्यांच्या तोंडातले रेशीम वापरून पाने जोडते. अळी म्हणजे तिचा सुई-दोरा. परंतु तिला झाड हवे, डबा नको. ओडिशात मयूरभंजकडे तिची चटणी करतात आणि २०२४ सालच्या जानेवारीत त्या चटणीला आपल्या कोल्हापुरी चपलेसारखे भौगोलिक मानांकनही मिळाले. पाककृती मात्र मला विचारू नका.

दाणे साठवणारी मुंगी माझ्या दुसऱ्या पसंतीची, आणि तिचे कारण आमच्या शेजारच्या जैन वहिनी. त्यांना मुंग्या बघायला फार आवडायच्या. पण मुंगळ्यांना मी मेलेली माशी किंवा झुरळाची तंगडी देते हे बघून त्या डोळे मिटून घेत. त्यांनी विचारले, "नुसत्या साखरेवर नाही का भागणार?" नाही भागणार. गोड हे कामकरणींना पळायला पुरते. अळ्यांना वाढायला मांसाचे काही हवेच. गुळाच्या पाण्यावर कामकरणी जगतात, पण पाळणा हलत नाही. मग माझ्या मुलीने सांगितले की बियांवर जगणाऱ्या मुंग्या आहेत. परसातल्या भिंतीकडेला गवताच्या फोलपटांचा ढीग दिसला की ओळखावे, आत कोठार आहे. त्यांना राळे, राजगिरा, गवताचे बी घातले की त्या ते सोलून, चावून, लापशी करून पोरांना देतात. वहिनींनी नाचणीपासून सुरुवात केली. आजही त्यांच्या गॅलरीत ती वसाहत आहे. पूर्ण शाकाहारी ती नव्हे, आयता मेलेला किडा मिळाला तर सोडत नाही. पण वहिनींना स्वतःच्या हाताने काही मारावे लागत नाही, एवढ्यावर त्यांचे समाधान आहे.

या दाणेवालीची पहिली कीर्ती आपल्या महाराष्ट्रातूनच गेली हे ऐकून तुम्हाला बरे वाटेल. साइक्स नावाचे एक इंग्रज लष्करी अधिकारी पुण्यास होते. १८२९ च्या जूनमध्ये सकाळी फिरायला गेले असता कवायतीच्या मैदानाजवळ त्यांना गवताच्या बियांचे मूठमूठभर ढीग दिसले. पावसाने कोठार भिजले होते आणि मुंग्यांनी उघडीप बघून बी वाळत घातले होते. आपण पापड-कुरडया उन्हात घालतो तसेच! मुंग्या धान्य साठवतात यावर त्या काळी युरोपातल्या विद्वानांचा विश्वास राहिला नव्हता. कारण त्यांच्याकडच्या थंड मुलखातल्या मुंग्या साठवीत नाहीत.

याच साइक्ससाहेबांनी दुसरी एक हकीकत लिहून ठेवली आहे, ती आपल्या सर्वांच्या स्वयंपाकघरातली आहे. त्यांच्या घरी मिठाईच्या मेजाचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवलेले असत. आपण फडताळाखाली वाट्या ठेवतो तेच. मेज भिंतीपासूनही सरकवून ठेवले. तेव्हा मोठ्या काळ्या मुंग्या भिंतीवर मेजाच्या वर फूटभर चढल्या आणि तेथून अंग सोडून खाली मिठाईवर पडू लागल्या. मी ही गोष्ट ऐकली तेव्हा आमचे हे म्हणाले, "बघ, तुझ्या मुंगळ्यांच्या पणज्या." म्हणून सांगते, पाळलेल्या डब्याला नुसती पाण्याची परात पुरत नाही.

पळापळीचा बंदोबस्त हा या छंदातला मोठा भाग आहे. डब्याच्या काठाला आतून टाल्कम पावडर स्पिरिटमध्ये कालवून लावली की वाळल्यावर तिच्यावरून मुंगीचा पाय घसरतो. हा उपाय स्वस्त आणि स्वच्छ. पण आपल्या आषाढातल्या दमट हवेत पावडर ओली होऊन चिकटते आणि मुंग्यांना उलट जिनाच मिळतो. तेव्हा पावसाळ्यात मी व्हॅसलीनचा पातळ हात देते. खोबरेल तेलही चालते, परंतु त्यावर धूळ बसते, वास धरतो, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. उन्हाळ्यात पावडर, पावसाळ्यात व्हॅसलीन, असे माझे ठरलेले आहे.

घराचेही तसेच. नळीत मुंग्या मावेनाशा झाल्या की मोठे घर द्यावे लागते. दोन काचांमध्ये माती भरली तर त्या आपल्या मनाने बोगदे खणतात, बघायला मोठी गंमत. पण राणी मातीत मधोमध बसते आणि महिनोन् महिने दिसत नाही. ती आहे की गेली हेच कळत नाही. प्लॅस्टरचे घर केले तर सगळे दिसते आणि ओल चांगली धरते. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून एका मूर्तिकाराकडून मी दोन किलो प्लॅस्टर आणले, मिठाईच्या डब्यात ओतले, ओले असतानाच चमच्याच्या दांड्याने खोल्या कोरल्या, वर काच. पहिल्या पावसाळ्यात त्याला काळी बुरशी आली. मग बांधकामावर वापरतात त्या हलक्या राखाडी विटेचा तुकडा कोरून पाहिला. बुरशी कमी, पण कोरताना इतकी धूळ की दोन दिवस घर झाडत होते. प्लॅस्टिकचे तयार घर विकत मिळते. ते चकचकीत, पण काचेवर घाम धरतो आणि पिल्ले भिजतात. माझे मुंगळे सध्या विटेच्या घरात आहेत आणि नळी अजून बाजूला जोडलेली आहे. राणी मात्र आठ वर्षांनीसुद्धा दिवसाचा बराच वेळ त्या जुन्या नळीत जाऊन बसते. माहेरची ओढ असेल.

खाण्यात आपले कोल्हापूर सुखी आहे. गुळाचे पातळ पाणी कापसावर, थेंबभर मध, उकडलेल्या अंड्याच्या बलकाचा दाण्याएवढा कण. किड्यांबद्दल मात्र कडक नियम : स्वतःच्या डोळ्यांदेखत मेलेला नसेल तर तो घालायचा नाही. फवारा मारलेल्या घरातले झुरळ एका मुंगीने ओढून नेले तर सगळ्या वसाहतीला ते पोचते, कारण त्या एकमेकींच्या तोंडात तोंड घालून जेवण वाटतात. आमच्याच आळीत एका मुलाची पाऊणशे मुंग्यांची वसाहत अशीच एका रात्रीत गेली.

हा छंद काही आमच्याच घरचा नाही. इंग्लंडात जॉन लबक नावाच्या गृहस्थांनी काचांमध्ये मुंग्या पाळून १८८२ साली त्यांवर पुस्तक लिहिले. त्यांची एक राणी जवळजवळ पंधरा वर्षे जगली. त्याहूनही, युरोपातल्या बागेतल्या एका काळ्या मुंगीची राणी पाळलेल्या घरात पावणेएकोणतीस वर्षे जगल्याची नोंद आहे. अमेरिकेत १९५६ साली मिल्टन लेव्हिन यांनी मुलांसाठी हिरव्या चौकटीतले मुंग्यांचे शेत विकायला काढले, आणि ते घरोघर झाले. त्यात राणी नसे, नुसत्या कामकरणी टपालाने येत आणि काही महिन्यांत संपत. मला तो प्रकार आवडत नाही. राणीविना वसाहत म्हणजे पिकनिकला आलेली माणसे, घर नव्हे.

परंतु माझ्या मनात घर केले आहे ते ॲडेल फील्ड या बाईंनी. १८३९ सालचा त्यांचा जन्म. लग्न ठरलेल्या माणसाकडे अमेरिकेहून जहाजाने सयामला गेल्या, तर उतरल्यावर कळले की तो आधीच वारला. बाई परत फिरल्या नाहीत. तिथे आणि पुढे चीनमध्ये बायकांना शिकवत त्यांनी वर्षे काढली, आणि साठीच्या घरात आल्यावर मुंग्या पाळायला लागल्या. हातात उचलून नेता येईल असे काचेचे मुंगीघर त्यांनी बनवले, आणि मुंग्या एकमेकींना वासावरून कशा ओळखतात यावर शास्त्रज्ञांच्या मासिकांत लिहिले. वयाची सबब सांगणाऱ्या आपल्यातल्या काहीजणींसाठी हे मुद्दाम सांगितले.

आणि एक अलीकडचे. आफ्रिकेतल्या केनिया देशात २०२५ च्या मे महिन्यात कोर्टाने चौघांना प्रत्येकी दहा लाख शिलिंग, म्हणजे आपले साडेसहा लाखांच्या आसपास, दंड केला. त्यांतले दोघे बेल्जियमचे तरुण पोर होते. त्यांच्याकडे ५,००० च्या आसपास राण्या सापडल्या, दोन हजारांहून अधिक नळ्यांत, पाणी आणि कापसाचे बोळे घालून, म्हणजे मी तुम्हाला मघाशी सांगितले त्याच पद्धतीने. युरोपात छंदिष्टांना विकण्यासाठी. दाणे साठवणाऱ्या मोठ्या जातीच्या या राण्या. एकेक राणी म्हणजे पुढचे एकेक वारूळ. तिथल्या माळावरून पाच हजार वारुळे उचलली म्हणा. परदेशी मुंगी रंगाने, आकाराने कितीही मोहक असो, ती मागवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तिकडचे वारूळ उजाड होते, आणि इकडे निसटली तर लाल मुंगीचे जे झाले तेच.

आता आत्याबाईंचे सांगायला हवे. नळी घरात आली त्या दिवसापासून त्यांचा विरोध होता. त्या म्हणत, "जिवाला घालावे. कोंडू नये." मी सांगे, आत्याबाई, दिव्यावर आलेल्या शंभर राण्यांतली एखादी जगते, बाकीच्या पाली, बेडूक, चिमण्या खातात, मी एकीला वाचवले. त्या म्हणत, "वाचवलेस तर सोड." याला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही फारसे नाही. त्यांनी तडजोड अशी काढली की दर मृगात दिव्याखाली, झाडूखाली, पंख्याच्या वाऱ्यात सापडतील तेवढ्या राण्या सुपलीत गोळा करून परसात सोडायच्या. हे काम त्यांनी माझ्यावर घातले, आणि ते मी करते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला जो महापूर आला तो इथे कोणाला सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेले. आमचे घर शुक्रवार पेठेत उताराला. रात्री पाणी गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा यांनी कागदपत्रांची पिशवी घेतली, मुलांनी दप्तरे आणि गॅसची शेगडी माळ्यावर चढवली, मी दागिने आणि आत्याबाईंची औषधे घेतली. डबा कोनाड्यातच होता. मी त्याच्याकडे बघितले आणि पुढे निघाले, कारण आत्याबाईंना धरून न्यायचे होते. त्या उंबऱ्यात थांबल्या. म्हणाल्या, "तो डबा घे." मी म्हटले, आत्याबाई, ही काय वेळ आहे? त्या म्हणाल्या, "औदुंबराखालच्या आपल्या वाटेने वर जातील. ह्यांची वाट तू बंद केलीस. ह्यांना तूच न्यायला पाहिजेस."

तसा डबा पदराखाली घेऊन आम्ही कमरेएवढ्या पाण्यातून गेलो. वाटेत बॅटरीच्या उजेडात पाण्यावर तांबूस सायीसारखे काहीतरी वाहत आलेले दिसले. ताटलीएवढे. थोरली ओरडली, "आई, हात लावू नकोस!" लाल मुंग्या होत्या. एकमेकींचे पाय धरून त्यांनी तराफा केला होता, मधोमध राणी आणि पोरे. शेकडो जीव, आणि कोणी बुडत नव्हते. आत्याबाईंनी त्या तराफ्याला नमस्कार केला. ज्यांना जन्मभर हळदीची रेघ ओढली त्यांना! आठ दिवस आम्ही राजारामपुरीत नात्यातल्यांकडे होतो. त्या घरच्या बाईंनी डबा कपड्यांच्या कपाटावर ठेवू दिला, त्याचे उपकार मी विसरणार नाही. त्यांच्या जागी मी असते तर दिला असता की नाही, कोण जाणे.

पुढच्या वर्षी आत्याबाई पडल्या आणि अंथरुणाला खिळल्या. डबा त्यांच्या उशाशी तिवईवर ठेवू का, असे मी भीत भीत विचारले. "ठेव" म्हणाल्या. विरोध सोडला नव्हता, हे मुद्दाम सांगते. पण दिवसभर बघत. कोणती मुंगी कचरा टाकायला कोणत्या कोपऱ्यात जाते, कोणती राणीचे पोट पुसते, हे मला त्यांच्याकडून कळले. मला उभ्याने बघायला कुठे वेळ होता? दुपारी थोरली त्यांना वाचून दाखवी. एकदा तिने आपल्याच देशातल्या उडी मारणाऱ्या मुंगीबद्दल सांगितले. १८५१ साली जर्डन नावाच्या डॉक्टरांनी तिची शास्त्राला ओळख करून दिली. तिच्या घरात राणी मेली की कामकरणी आपापसांत मिशांनी लढतात, आणि त्यांतल्या ज्या वर चढतात त्या अंडी घालू लागतात. सात महिन्यांचे आयुष्य असलेली कामकरीण मग चार वर्षांपर्यंत जगते. पण त्याबरोबर तिचा मेंदू आक्रसतो, पाचव्या-चौथ्या हिश्श्याने. घरातच बसायचे, तर शिकारीची अक्कल कशाला? आणि २०२१ साली असे प्रसिद्ध झाले की तिला पुन्हा कामाला लावले तर मेंदू परत पहिल्याएवढा भरतो.

यावर आत्याबाई बराच वेळ गप्प होत्या. मग मला म्हणाल्या, "हिला पुढे शिकू दे गं. लग्नाची घाई करू नका." थोरलीला त्या सुमारास स्थळे येत होती, आणि घरात पहिल्यांदा होकार द्यायला निघालेल्या त्याच होत्या. यांनी आईचा शब्द मोडला नाही. आज ती एम. एस्सी.ला आहे. मुंग्यांमुळे झाले असे मी म्हणणार नाही, पण त्या दुपारी काय वाचले जात होते ते मी सांगितले.

आत्याबाई २०२२ साली गेल्या. तेराव्यानंतर औदुंबराखाली पीठ-साखर घालायचे काम माझ्याकडे आले. त्यामुळे आता मी घालतेही आणि पाळतेही.

माझ्या राणीला नववे वर्ष लागले आहे. ती हल्ली अंडी कमी घालते. तिच्या जागी नवी राणी आणून ठेवता येत नाही. मुंगळ्यांना परका वास लगेच कळतो आणि त्या नवीला फाडून टाकतात. ती गेली की कामकरणी काही महिने घर झाडत राहतील, मेलेल्या बाहेर नेऊन टाकतील, आणि एक दिवस न्यायला कोणी उरणार नाही. तेव्हा ज्यांना नवीन राणी घ्यायची इच्छा आहे त्यांनी हे आधी धरून चालावे की हा दहा-पंधरा वर्षांचा मामला असू शकतो, आणि घरात कोणी तरी दुसरे तयार करून ठेवावे. थोरली तर शिकायला पुण्याला आहे. धाकटा म्हणतो, मी बघतो. त्याला मी सध्या फक्त पाण्याची नळी बदलायला शिकवले आहे : जुन्या नळीवर उजेड टाकायचा, नवी काळ्या कापडात ठेवायची, आणि मुंग्या आपल्या पायांनी जाईपर्यंत ढकलायचे नाही. पहिल्यांदा त्याला तीन दिवस लागले. कापसाचे बोळे आणि चार मोकळ्या नळ्या मी आज बरोबर आणल्या आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी चहानंतर माझ्याकडून घेऊन जाव्यात, मृगाला अजून अवकाश आहे.